‘हिमकडा कोसळला’ या वाक्याविषयी

४ ऑक्टोबर २०२२ रोजी सकाळी उत्तरकाशी जिल्ह्यातील ‘द्रौपदी का डांडा-२’ या ५,६७० मीटर उंचीच्या शिखराच्या माथ्याजवळ हिमस्खलन झाले. नेहरू पर्वतारोहण संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी त्या वेळी उतारावर होती. बर्फाच्या लोंढ्याने अनेकांना खालच्या हिमभेगेत लोटले आणि २९ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात अवघ्या सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सर करणाऱ्या सविता कंसवाल मृतांत होत्या. बर्फात मरतात ती हौशी, नवखी, बेफिकीर माणसे, हा आपला सोयीचा समज या घटनेला लावता येत नाही.

त्या आठवड्यात एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, ऐकले आणि स्टाफरूममध्ये चहा घेताना स्वतःही उच्चारले: ‘हिमकडा कोसळला.’ पाठोपाठ ठरलेली पदे आली. काळाचा घाला, निसर्गाचा कोप, नियतीचा क्रूर खेळ. अपघाताच्या बातमीत अशी पदे येणारच, त्यांचा फारसा विचार करू नये, असे कोणी म्हणेल. परंतु भाषा शिकवणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी तरी ‘हिमकडा कोसळला’ या चार-चार अक्षरी शब्दांच्या जोडीपाशी थोडे थांबावे, असे मला वाटते. माझ्या बाबतीत त्याला एक जुने, फारसे अभिमानास्पद नसलेले कारण आहे. ते पुढे सांगते.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. हिमकडा म्हणजे बर्फाचा कडा. असा कडा खरोखर कोसळतो. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या पश्चिम खांद्यावरून लोंबणाऱ्या हिमनदीचा मोठा तुकडा खुंबू हिमप्रपाताच्या वाटेवर पडला आणि १६ नेपाळी कामगार मरण पावले. तेथे हा शब्द चपखल बसतो. पुढे ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात ऋषिगंगा आणि धौलीगंगा यांना लोंढा आला, दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली, तेव्हाही आपण हिमकडा कोसळल्याचेच वाचले. शास्त्रज्ञांनी नंतर उपग्रहचित्रांवरून दाखवले की रोंती शिखराच्या उतारावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर ऐवज सुटला होता आणि त्यातला सुमारे चार-पंचमांश भाग खडक होता. कोसळला होता तो डोंगर, आणि बर्फ त्याच्याबरोबर आला होता. तिसरी घटना द्रौपदी का डांडाची. तेथे ना कडा होता, ना खडक. डोंगरउतारावर साचलेल्या नव्या बर्फाचा थर घसरला होता. तीन घटना, तीन कारणे, तीन वेगळ्या प्रकारची दक्षता. आणि मराठीत तिन्हींना मिळून एकच वाक्य.

आता व्याकरण. ‘कोसळणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. कडा कोसळतो, तोच कर्ता. माणूस या वाक्यात कोठेच नाही. असलाच तर तो सप्तमीत, कड्याखाली, सापडलेला. वरून काहीतरी येते आणि खाली कोणीतरी असते. वीज पडावी तसे. या रचनेमुळे वाचकाच्या मनात जे चित्र उमटते ते नैसर्गिक आपत्तीचे असते, आणि आपत्तीपुढे माणूस हतबल असतो हे आपण गृहीतच धरतो.

गिर्यारोहक आणि बर्फावर भटकणाऱ्यांच्या बाबतीत वस्तुस्थिती बहुतेक वेळा याच्या उलट असते. युरोप आणि उत्तर अमेरिकेत अशा अपघातांच्या नोंदी कित्येक दशके ठेवल्या गेल्या आहेत. त्यांतील प्राणघातक घटनांपैकी सुमारे नव्वद टक्क्यांत तो थर मृताने स्वतः किंवा त्याच्या सोबत्यांपैकी कोणीतरी सोडवलेला असतो. बर्फ माणसाच्या अंगावर येत नाही, माणूस बर्फावर जातो आणि त्याच्या वजनाने तो सुटतो. इंग्रजी आणि जर्मन भाषांतील अपघाताच्या अहवालांत यासाठी सकर्मक क्रियापद सर्रास येते: अमक्याने हिमस्खलन सुरू केले. यात आरोपाचा स्वर नसतो, साधी नोंद असते. मराठीत हे वाक्य मी आजवर वाचलेले नाही. ‘आम्ही बर्फ सोडवला’ असे लिहून पाहिले तर शीतपेटीची सफाई चालली आहे असे वाटते!

आता ते जुने कारण. २०१५ च्या डिसेंबरमध्ये महाविद्यालयातील मुलामुलींबरोबर सोबतची शिक्षिका म्हणून मी गढवालमधील केदारकंठाला गेले होते. सांकरीपासून चढत जायचे, सुमारे साडेबारा हजार फुटांचा माथा. त्या वर्षी बर्फ थोडा होता. मुले हिरमुसली होती आणि मी मनातून निश्चिंत होते. बर्फ कमी, म्हणजे धोका कमी, असे माझे साधे गणित होते. माथ्याच्या अलीकडे एका उघड्या, झाडे नसलेल्या उतारापाशी आम्ही पंचवीसेक जण छायाचित्रासाठी दाटीवाटीने उभे राहिलो आणि पायांखालून ‘धप्प’ असा आवाज आला. मोठा नव्हता. जात्यावर पिठाचे पोते टेकवावे तसा. जमीन किंचित, बोटभर, खचल्यासारखी वाटली. मुले हसली. आमच्याबरोबरचा स्थानिक वाटाड्या मात्र हसला नाही. त्याने काठी उलटी करून बर्फात खुपसली. वरचा भाग कडक लागला आणि मग काठी एकदम आत गेली. ‘नीचे खाली है, मॅडमजी,’ एवढेच तो म्हणाला. त्याने सर्वांना आल्या पावली मागे घेतले, तेही एकेकाला, अंतर ठेवून, आणि पुढची वाट झाडीच्या कडेने धारेवरून काढली. दोन तास जास्त लागले. मुलांनी कुरकुर केली. मीही केली.

परतल्यावर तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी या सहलीवर लेख लिहिला. अंकाची संपादक मी होते. लेख चांगला होता, मुलीला डोळे होते. मी तो तपासला, ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, दोन परिच्छेद मागेपुढे केले, ‘हिमालयाने आम्हांला आशीर्वाद दिला’ या अर्थाच्या शेवटाला मनापासून दाद दिली आणि एक ओळ काढून टाकली. वाटाड्याची ती हिंदी ओळ. मराठी लेखाच्या भावपूर्ण भागात ती मला रसभंग करणारी वाटली होती. त्या संपूर्ण लेखात बर्फाविषयी जे एकच खरे विधान होते ते मी लाल शाईने खोडले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मी तो अंक कपाटातून शोधून काढला तेव्हा मूळ हस्तलिखितही त्याच फाइलमध्ये सापडले. खोडलेली ओळ अर्थात वाचता येत होती.

‘नीचे खाली है’ याचा अर्थ मला त्यानंतर कळला आणि तो येथे थोडा विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण आपल्यापैकी अनेकांचे विद्यार्थी दर डिसेंबरात या वाटांवर असतात.

बर्फ एकसंध नसतो. तो एकेका वादळाने एकेक थर रचत जातो आणि प्रत्येक थर पडल्यानंतरही बदलत राहतो. हंगामाच्या सुरुवातीला, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, हिमालयात जो पहिला बर्फ पडतो तो उन्हाच्या उतारांवरून पुष्कळदा वितळून जातो. उत्तरेकडच्या, सावलीतल्या उतारांवर आणि घळींत मात्र तो टिकतो, पातळ चादरीसारखा. त्याच्या खालची जमीन साधारण शून्य अंशाच्या आसपास उबदार असते. वरचा पृष्ठभाग निरभ्र रात्री उणे पंधरापर्यंत सहज जातो. थर दोन मीटर जाड असेल तर हा पंधरा अंशांचा फरक दोन मीटरांत विभागला जातो, म्हणजे मीटरमागे साडेसात अंश. थर अर्धाच मीटर असेल तर हेच प्रमाण मीटरमागे तीस अंश होते. मीटरमागे दहा अंशांच्या पुढे फरक गेला की तळाकडची वाफ वर सरकू लागते आणि वाटेत गोठत जाते. मूळचे एकमेकांना धरून असणारे कण नाहीसे होऊन त्यांच्या जागी मोठे, कोनदार, रवाळ स्फटिक तयार होतात. त्यांना परस्परांची पकड नसते. मुठीत घेऊन दाबले तर गोळा होत नाही, तूप कमी पडलेल्या रव्याच्या लाडवासारखे ते बोटांतून गळते. म्हणून थोडा बर्फ म्हणजे थोडा धोका हे माझे गणित मुळातच चुकलेले होते. थोडा बर्फ आणि कडक थंडी यांचाच हा पोकळ तळ तयार होतो.

मग डिसेंबरात पुढचे वादळ येते. नवा बर्फ या रव्यावर बसतो. वारा असेल तर तो एका बाजूचा बर्फ उचलून धारेपलीकडच्या उतारावर नेऊन टाकतो आणि तेथे त्याची घट्ट लादी बनवतो. ‘लादी’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. खाली मोकळा रवा आणि वर लादी, अशी फरशी ज्यांच्या घरात निघाली असेल त्यांना अधिक सांगायला नको. पाय टाकला की ढब आवाज येतो. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांच्या दरम्यानचा असला, लादीवर माणसाचे वजन आले आणि खालचा रवा एका जागी चेपला, की ते चेपणे क्षणात सर्व बाजूंना पसरते, वर भेग उमटते आणि सगळी लादी तुकडे होत घसरू लागते. माणूस तिच्यावर, बहुधा तिच्या मध्यावर, असतो. आम्ही ऐकलेला ‘धप्प’ हा त्या चेपण्याचाच आवाज. आमचा उतार सौम्य होता म्हणून लादी जागीच बसली. पुढचा चढ तसा नव्हता.

या पोकळ थराचा एक भाऊबंद महाराष्ट्रालाही ठाऊक आहे. दर डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर, जीपच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठते आणि ‘महाबळेश्वरात हिमकण’ अशी छायाचित्रासह बातमी येते. निरभ्र, वारा नसलेल्या, थंड रात्री हिमालयातही बर्फाच्या पृष्ठभागावर हवेतली वाफ अशीच गोठते आणि सकाळी पिसांसारखे चमकणारे स्फटिक दिसतात. पाहताना मन हरखून जाते. त्यांच्यावर नवा बर्फ पडला की हीच पिसे दोन थरांमधली सर्वांत दुबळी जागा होतात. प्रवासवर्णनात आपण ज्या सकाळीवर सर्वाधिक विशेषणे खर्च करतो ती सकाळ पुष्कळदा पुढल्या अपघाताचा पाया घालत असते. ही गोष्ट कळल्यापासून मला ‘शुभ्र’, ‘धवल’, ‘निष्कलंक’ हे शब्द बर्फासाठी वापरताना अडखळायला होते. बर्फ पांढरा आहे हे खरे, पण जे महत्त्वाचे ते पृष्ठभागावर नाही.

मराठीत बर्फाचे शब्द थोडे असावेत हे स्वाभाविक आहे. आपल्याकडे तो पडतच नाही. ‘हिम’ संस्कृतातून आले, त्याचेच पुढे ‘हिव’ झाले, ‘हिमकाला’चा ‘हिवाळा’ झाला. म्हणजे मराठीत उतरताना हिमाचे द्रव्य निघून गेले आणि नुसती थंडी, कुडकुडणे उरले. हिवतापात तर तेवढेच आहे. ‘बर्फ’ फारसीतून आला आणि तो मुख्यतः गोळेवाल्याचा आणि मासळीबाजाराचा राहिला. आकाशातून पडणारा भुसभुशीत, थरांचा, वाऱ्याने लादी झालेला, हिमनदीत दगडासारखा घट्ट झालेला, असे सारे प्रकार आपण या एकाच शब्दात कोंबतो. यात भाषेचा दोष नाही. मात्र शब्द नसला तर वर्णन करता येते. आणि वर्णन टाळून आपण अलंकाराकडे वळतो, हा दोष भाषेचा नसून लिहिणाऱ्यांचा आहे, आणि लिहायला शिकवणाऱ्यांचाही.

अलंकाराची परंपरा अर्थात मोठी आहे. हिमालयाकडे आपण दैवत म्हणून पाहत आलो. ‘कुमारसंभवा’च्या आरंभी कालिदासाने बर्फाची गणना हिमालयाच्या दोषात केली आहे खरी, पण अनंत गुणांत बुडून जाणारा एकुलता एक दोष म्हणून. तेथे तो कवी आहे, त्याला तो अधिकार आहे. दैनिकाचा वार्ताहर आणि ट्रेकिंगच्या सहलीचे माहितीपत्रक लिहिणारा यांना तो नाही.

द्रौपदी का डांडा हे नाव ऐकल्यावर आपल्यापैकी अनेकांना महाप्रस्थान आठवले असेल. मलाही आठवले. पांडव हिमालय चढत असतात आणि सर्वांत आधी द्रौपदी पडते. भीम युधिष्ठिराला विचारतो, हिने तर कधी अधर्म केला नाही, मग ही का पडली? हा प्रश्न मला आज फार मोलाचा वाटतो. हिमालयात पडलेल्या माणसाविषयी आपल्या परंपरेत विचारला गेलेला हा नेमका प्रश्न आहे: का पडली? युधिष्ठिर वळूनही न पाहता उत्तर देतो की तिचा अर्जुनाकडे विशेष ओढा होता, त्याचे हे फळ. मग सहदेव पडतो, नकुल, अर्जुन, शेवटी स्वतः भीम, आणि दर वेळी तोच प्रश्न आणि तशाच जातीचे उत्तर. प्रत्येकाच्या पडण्याचे कारण त्याच्या स्वभावात आहे. पायांखालच्या डोंगराविषयी कोणी बोलत नाही.

महाभारताला डोंगराविषयी बोलायचेच नव्हते, हे मला समजते. ते धर्माविषयी बोलत होते, आणि त्या जागी ते उत्तर भेदक आहे. माझी तक्रार महाभारताविषयी नसून आपल्याविषयी आहे. हिमालयातील प्रत्येक मृत्यूनंतर आपल्यापुढे आजही दोनच उत्तरे असतात. एक नियतीचे: हिमकडा कोसळला. दुसरे युधिष्ठिराचे: अति धाडस नडले, कशाला गेले होते? पहिल्या उत्तरात माणसाचा काहीच संबंध नाही आणि दुसऱ्यात सगळा दोष माणसाचा आहे. दोन्हींत भीमाचा प्रश्न अनुत्तरित राहतो. बर्फ का सुटला, कोणत्या थरावरून सुटला, आदल्या आठवड्यात काय पडले होते, वारा कोणत्या दिशेचा होता, उतार किती अंशांचा होता, माणसे किती अंतरावर होती, हे प्रश्न कोणाला दोषी ठरवत नाहीत. मृतांचा अवमान तर मुळीच करीत नाहीत. उलट त्यांच्या मृत्यूतून पुढच्या माणसाच्या हाती काही द्यायचे असेल तर तेवढेच देता येते.

द्रौपदी का डांडाच्या दुर्घटनेआधी २२ सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२२ रोजी केदारनाथच्या मागील चोराबाडी हिमनदीच्या वरच्या उतारांवरून हिमस्खलने झाली होती. मंदिराला धक्का लागला नाही, आणि त्यांची चित्रफीत देशभर पाहिली गेली. आपण ती ‘विलोभनीय आणि भयावह’ दृश्य म्हणून पाहिली. त्या उंचीवर नवा बर्फ बसतो आहे आणि तो अस्थिर आहे, असेही ते दृश्य सांगत होते. जवळपास घडलेले ताजे हिमस्खलन हे अस्थिर बर्फाचे सर्वांत स्पष्ट लक्षण मानले जाते. त्याच्या जोडीला पायाखालचा धप्प आवाज, पावलापासून सरसर धावत जाणारी भेग, नव्या बर्फानंतरचे पहिले एक-दोन दिवस आणि अचानक वाढलेली ऊब. ही लक्षणे ओळखायला उपकरण लागत नाही.

ऑक्टोबर हा स्वच्छ आकाशाचा, पर्वतदर्शनाचा महिना म्हणून आपल्या मनात इतका ठसलेला आहे की त्या महिन्यातली हिमवृष्टी आपल्याला नेहमीच ‘अवेळी’ वाटते. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुदहुद’ चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकले आणि त्याच्या उरल्यासुरल्या ढगांनी दोन दिवसांनी नेपाळात अन्नपूर्णा परिक्रमेच्या वाटेवर, थोरोंग ला खिंडीच्या परिसरात, काही तासांत कमरेएवढा बर्फ टाकला. ऐन मोसमातील वाट, चहाच्या टपऱ्या, शेकडो पदयात्री. हिमवादळ आणि हिमस्खलने यांत ४३ जण गेले. बंगालच्या उपसागरातल्या वादळाची बातमी वाचताना थोरोंग लाचा विचार करायचा असतो, हे भूगोलाच्या पुस्तकात नव्हते.

माझ्या एका सहकाऱ्यांनी या लेखाचा कच्चा खर्डा वाचून आक्षेप घेतला: भाषेने माणसे मरत नाहीत, मॅडम, आणि भाषेने वाचतही नाहीत, हवामानाचा अंदाज, साधने आणि चांगला वाटाड्या यांनी वाचतात. आक्षेप निम्मा बरोबर आहे. गाडल्या गेलेल्या माणसासाठी भाषेचा काहीही उपयोग नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर नव्वद टक्क्यांच्या आसपास माणसे वाचतात. पस्तिसाव्या मिनिटापर्यंत हे प्रमाण तिसाच्या घरात येते. बाहेरून मदत इतक्या लवकर येऊच शकत नाही. येतात ते सोबती, आणि तेही संकेत देणारे यंत्र प्रत्येकाच्या अंगावर, शोधसळई आणि फावडे प्रत्येकाच्या पाठीवर असेल तरच. थांबल्यानंतर तो बर्फ सिमेंटसारखा बसतो, हातांनी उकरता येत नाही. आमच्या पंचवीस जणांच्या तुकडीत अशी साधने शून्य होती. छायाचित्रासाठी कॅमेरे मात्र अकरा होते, हे मी मोजलेले आहे.

पण आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मला मान्य नाही. अंदाज असतो. पूर्वी मनालीला ‘सासे’ या नावाने ओळखली जाणारी आणि आता चंदीगडहून काम करणारी संरक्षण खात्याची संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देत असते. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी चमोलीसह उत्तराखंडच्या उंच भागांसाठी तिने इशारा दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रीनाथजवळच्या माणा गावाशेजारी सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन आले, ५४ कामगार सापडले, त्यांपैकी आठ मरण पावले. हे कामगार हौसेने बर्फात गेलेले नव्हते. रस्ता मोकळा ठेवणे हे त्यांचे काम होते आणि रात्री झोपायला लोखंडी डबे होते. त्यांच्याबाबत ‘बर्फ कोणी सोडवला’ हा प्रश्न लागू नाही. ‘इशारा होता, तर छावणी तेथे का होती’ हा लागू आहे. ‘हिमकडा कोसळला’ म्हटल्यावर हाही प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. अकर्मक क्रियापद ज्यांचे काम हलके करते त्यांच्यात केवळ ट्रेकवाले नसतात.

आल्प्समध्ये काय झाले ते पाहण्यासारखे आहे. स्वित्झर्लंडमध्ये दावोसच्या वरच्या डोंगरावर १९३० च्या दशकात संशोधकांनी एका लाकडी खोपटात बर्फाचे थर मोजायला सुरुवात केली, १९४२ मध्ये त्याची संस्था झाली, १९४५ पासून नागरिकांसाठी हिमस्खलनाचे अंदाज निघू लागले. हे विज्ञान झाले. मला अधिक लक्षणीय वाटते ते पुढचे: २०१८ मध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या हिमस्खलनविषयक ज्ञानाचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केला. नृत्य, गायन, विणकाम यांच्या यादीत. कोणत्या उतारावर घर बांधायचे नाही, कोणते जंगल तोडायचे नाही, कोणत्या वाऱ्यानंतर कोणत्या वाटेने जायचे नाही, हे तेथील गावांनी शतकानुशतके सांगत ठेवले, आणि ते सांगणे संस्कृती म्हणून मोजले गेले. आमच्या वाटाड्याचे तीन शब्द याच जातीचे होते. मी ते हिंदी म्हणून आणि गद्य म्हणून काढले.

बर्फ दूरचा आहे, आपला संबंध काय, असे वाटत असेल तर ३० जुलै २०१४ चे माळीण आठवावे. १५१ माणसे गेली, आणि आपण म्हणालो, दरड कोसळली. पावसाने भिजून सुटलेला मातीचा सबंध उतार आणि घाटात रस्त्यावर आलेला दगड यांना मराठीत एकच शब्द होता आणि आहे. दरडीच्या देशात राहूनही आपण दरडीचे शब्द वाढवले नाहीत.

माझे म्हणणे ट्रेक बंद करा असे मुळीच नाही. मुलांनी हिमालयात जावे, पहिला बर्फ पाहावा, त्यावर हरखून लिहावे. विशेषणेही वापरावीत, वय आहे. एवढेच की परत आल्यावर त्यांनी लिहिलेल्या लेखात बर्फ किती जाड होता, खाली काय होते, वाटाड्या कोठे थांबला आणि का थांबला, हेही असावे, आणि ते असले तर तपासणाऱ्याने ते काढू नये. प्रवासवर्णन शिकवताना आपण शैली, चित्रमयता, आत्मपरता असे घटक फळ्यावर लिहितो. लेखकाला नेमके काय माहीत होते आणि काय नव्हते, हा घटक मी गेली दोन वर्षे त्यांत मिळवला आहे. विद्यार्थ्यांना तो सर्वांत अवघड जातो.

ती विद्यार्थिनी आता एका शाळेत मराठी शिकवते. गेल्या वर्षी भेट झाली तेव्हा मी तिला खोडलेल्या ओळीविषयी सांगितले. तिला ओळ आठवत नव्हती, पण काठी आत गेली तो क्षण आठवत होता. किती आत गेली, हे तिने हात पसरून दाखवले: कोपरापासून बोटांपर्यंत. यंदा डिसेंबरात तिच्या शाळेची मुले ब्रह्मतालला जाणार आहेत. संयोजकांना काय काय विचारायचे, याची यादी तिने माझ्याकडून लिहून घेतली. पहिला प्रश्न साधनांचा होता. दुसरा, नव्या बर्फानंतर किती दिवस थांबणार, हा. तिसरा तिने स्वतः घातला: वाटाड्या म्हणाला मागे फिरा, तर शेवटचा शब्द कोणाचा?